खुंटीवरची हलगी

दिल्ली

तीर्थरूप आबा,

आधी पाया पडते, मग कबूल करते. तुमची खुंटीवरची हलगी मीच आणलीया. मुडशिंगीभर शोधत फिरू नका.

कोरोनात गेलेल्यांच्या आठवणीसाठी इथं देशभरातले गाणी रचणारे जमले होते. सगळ्यांची गाणी हळुवार. माझ्या हातात हलगी बघून आयोजक बाई म्हणाल्या, "शोकसभेत हे कशाला?" मी म्हटलं, "आमच्याकडं माणसाला शेवटचा निरोप हलगीच देते. त्या वर्षी ती वाजलीच न्हाय. माझं गाणं त्याचंच हाय."

बाई म्हणाल्या, "वाजव तर." मग कातडं ताणायला चहावाल्याच्या शेगडीवर हलगी तापवली. जपूनच तापवलीया, काळजी करू नका. खोकला कसा हाय? गोळ्या घेताय न्हवं?

आणि काय वाजली म्हणून सांगू, आबा! गाणं मराठी, तरी अख्खं सभागृह उभं राहिलं. बंगालची एक म्हातारी पुढं आली आणि तिनं गेलेल्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. मग जो तो आपल्या माणसाचं नाव घ्यायला लागला. बोटं सुजली, पण शेवटचं नाव होईपर्यंत मी थांबले न्हाय.

शेवटचं नाव मी घेतलं. शालूबाई आकाराम.

आईला दवाखान्यातनं परस्पर स्मशानात नेलं, तवापासनं तुम्ही हलगीला हात लावला न्हाय. आता तिची हलगी वाजलीया, आबा. आले की ती खुंटीला न्हाय, तुमच्या हातात देणार.

तुमची चोरटी लेक,
वर्षाराणी