साहेबांशी हरायची तयारी

६ जानेवारी, सोमवार
चाकणच्या गाड्यांच्या कंपनीचं बोलावणं आलं. फेब्रुवारीत पार्ट पुरवणाऱ्या सगळ्या व्हेंडर लोकांची गोल्फ टुर्नामेंट, दापोलीच्या पुढे समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर. परचेसचे दौलतराव साहेब स्वतः फोनवर. विचारलं, जयसिंगराव, गोल्फ खेळता ना? म्हटलं, हो तर, बरीच वर्षं. फोन ठेवला आणि यूट्यूबवर गोल्फ म्हणजे नक्की काय ते बघितलं. अवघड काही नाही. चेंडू जागचा हलत नाही, समोरून कोणी बॉलिंग करत नाही, पळायचं तर अजिबात नाही. माझ्यासाठीच काढलेला खेळ.

जावं तर लागणारच. नव्या मॉडेलच्या सीट ब्रॅकेटची ऑर्डर साहेबांच्या हातात आहे. ती मिळाली तर भोसरीच्या आपल्या वर्कशॉपची दुसरी शिफ्ट चालू राहील. नाही मिळाली तर एप्रिलपासून त्या शिफ्टच्या सगळ्यांना घरी बसवायचं. साहेब मार्चअखेर रिटायर होतायत, ऑर्डर काढूनच जाणार. म्हणजे जे काय व्हायचं ते समुद्रकाठी.

दिव्याला सांगितलं. ती म्हणाली, ऑर्डर सॅम्पलवर मिळते, आणि आपलं सॅम्पल अजून प्रेसवर चढलेलं नाही. आमच्याकडे क्वालिटी तीच बघते. बायको क्वालिटीत असली की नवऱ्याचा मोठा विचार तिच्या डोळ्यात भरत नाही.

९ जानेवारी, गुरुवार
एमआयडीसीला सुट्टी. सेकंडहँड काठ्यांची बॅग घेऊन चऱ्होलीला गेलो. मेव्हण्याचा प्लॉट अजून बिल्डरच्या तावडीतून सुटलेला आहे, तिथे सराव. सुरुवातीला काठी हवेत जात होती आणि चेंडू मजेत बसून होता. मग एक फटका असा बसला, की चेंडू थेट शेजारच्या स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटच्या काचेवर. आतून सेल्सची मुलगी आली. मला वाटलं आता भांडण. तिने टू बीएचकेचं ब्रोशर दिलं आणि साइट व्हिजिटच्या रजिस्टरवर नाव लिहून घेतलं. काच आधीच तडकलेली असणार, असं माझं मत आहे.

निष्कर्ष: ताकद भरपूर. टॅलेंट उपजत.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
शेजारच्या गाळ्यातला सिद्धेश तिळगूळ घेऊन आला. तोही त्याच ब्रॅकेटच्या मागे आहे, पण माणूस वाईट नाही. त्याने आतली गोष्ट सांगितली. व्हेंडरने गोल्फ खेळायला जायचं नसतं, हरायला जायचं असतं. तेही असं, की साहेबांना वाटावं आपण जिंकलो. सगळे व्हेंडर हरतात, मग साहेबासाहेबांत जे सर्वात मोठे असतात ते कप नेतात. दौलतराव साहेब खेळतात उत्तम, पण इतक्या वर्षांत त्यांना एकदाही कप मिळालेला नाही. यंदाचा शेवटचा चान्स.

सिद्धेश गेल्यावर विचार करत बसलो. माझी अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे. मला हरता येईल का? चऱ्होलीचा तो फटका आठवला आणि घाम फुटला. ऐन वेळी चुकून जिंकलो तर दुसरी शिफ्ट गेली.

संकल्प: उद्यापासून रोज हरण्याची प्रॅक्टिस.

२३ जानेवारी, गुरुवार
अभ्यास केला. होलच्या जवळ आल्यावर चेंडू हळूच ढकलायचा असतो, त्याला पटिंग म्हणतात. हरायचं ते इथेच. लांबचा फटका चुकला तर लोक म्हणतात येत नाही. पटिंग चुकलं तर म्हणतात नशीब नाही. चेंडू होलच्या काठापासून बरोबर एका इंचावरून गेला पाहिजे. जास्त लांबून गेला तर साहेबांना संशय येणार, फार जवळून गेला तर आत पडायची भीती.

काम अंदाजपंचे करायचं नाही, हा आपला धंद्याचा नियम. नागसेनला गेज, म्हणजे माप बरोबर आहे का ते बघायचा ठोकळा, करायला सांगितलं. नागसेन आमचा सुपरवायझर, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याने आधी ड्रॉइंग मागितलं. मी काढून दिलं. ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, शेठ, पार्ट बरोबर यावा म्हणून लई गेज केले, चुकावा म्हणून हे पहिलंच. कौतुकाने म्हणाला असावा.

गेज सुरेख झालंय. प्रेसच्या शेजारी स्टीलचा पेला आडवा ठेवतो आणि संध्याकाळभर चुकवतो. या भानगडीत सॅम्पलची डाय, म्हणजे साचा, दोन दिवस मागे पडली. दिव्या रात्री जेवताना फक्त मीठ मागायला बोलली.

१ फेब्रुवारी, शनिवार
आज एकही पटिंग बरोबर गेलं नाही. सगळी गेजमध्ये. शिफ्ट सुटताना पोरं टाळ्या वाजवून गेली.

आता चेहरा. चुकल्यावर वाईट वाटलेलं दिसायला हवं. घरी आरशासमोर कपाळाला हात लावून “अरेरे” म्हणायची प्रॅक्टिस चालू आहे. आमच्या थेरगावच्या बिल्डिंगमध्ये भिंती पातळ. समोरच्या सुमनताईंनी दिव्याला जिन्यात गाठून हळूच विचारलं, मिस्टरांच्या नात्यात कोणी गेलंय का.

म्हणजे जमतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सॅम्पल तयार झालं. दिव्या आणि नागसेनने रात्रपाळीला बसून केलं. ते घेऊन चाकणला मीच जाणार होतो, पण काठी धरून अंगठा सुजलाय. दिव्या एकटी गेली. संध्याकाळी आली तेव्हा खूश दिसली. त्यांनी सगळी मापं घेतली म्हणे, एकही बाहेर नाही. मी तिला समजावलं की हे सगळं कागदोपत्री असतं, खरा निर्णय गवतावर होतो. तिने पुढे काही विचारलं नाही. पटलं असावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बॅग भरली. पांढरी पँट, टोपी, एका हाताचा मोजा. कंपनीकडून मेल आलेला आहे, नियमांची चार पानं आणि जेवणाचं एक. जेवणाचं नीट वाचलं. सुरमई दोन्ही वेळा. नियम नवख्यांसाठी असतात.

संकल्प: जिंकायचं नाही. काहीही झालं तरी जिंकायचं नाही. सुरमई एकच वेळ.

दिव्याला बजावलं, ऑर्डरची काळजी करू नकोस. ती म्हणाली, आता नाही करत. इतका विश्वास तिने लग्नानंतर पहिल्यांदाच दाखवला. बॅग गाडीत ठेवायलासुद्धा आली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सिद्धेश माझ्याच गाडीत. ताम्हिणी घाटात त्याला गाडी लागली, तीन वेळा थांबवायला लावली. मधल्या वेळात सांगत होता की तो पटिंग दीड इंचाने चुकवणार आहे. बिचारा. पद्धत नाही, गेज नाही.

समुद्र बघितला. मोठा आहे. सुरमई उत्तम, दोन्ही वेळा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी
घोटाळा झालाय. घाईत लिहितोय.

मैदानावर सगळे जमलो. कंपनीचे जपानी मोठे साहेब बोलायला उभे राहिले. ते आधी क्वालिटीत होते. म्हणाले, मागच्या वर्षी शेवटच्या होलवर एकूणएक व्हेंडरचं सोपं पटिंग चुकलं. एकाचं चुकलं तर माणसाची चूक, सगळ्यांचं चुकलं तर प्रोसेसमध्ये दोष. म्हणून यंदा पद्धत बदलली. व्हेंडर साहेबांच्या विरुद्ध खेळणार नाही, साहेबांच्या जोडीला खेळणार. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा. एकाचं बिघडलं की दोघांचं बिघडलं.

व्हेंडर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मेलच्या दुसऱ्याच पानावर होतं म्हणे.

माझी जोडी दौलतराव साहेबांशी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “जयसिंगराव, तुम्ही बरीच वर्षं खेळता म्हणालात, म्हणून मी तुमचं नाव मागून घेतलं. या वर्षी कप न्यायचाच.”

म्हणजे आता जिंकायचं. पाच आठवड्यांची मेहनत उलटी फिरवायची आणि त्याला वेळ अर्धा तास. हरकत नाही. उपजत टॅलेंट कुठे जातंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जसं झालं तसं लिहितो.

साहेब खरंच सुंदर खेळतात. त्यांचा पहिला फटका बघून काठ्यांच्या बॅगा उचलणारे कॅडी लोकसुद्धा वा म्हणाले. माझा पहिला समुद्रात गेला. साहेब म्हणाले, वारा आहे. दुसरा वाळूत. साहेब म्हणाले, होतं असं. तिसरा जेवणाच्या मांडवात गेला आणि कढीच्या पातेल्याला लागला. त्यावर साहेबांनी नुसती पाठ थोपटली.

तरी आम्ही पुढे होतो. कारण मैदानावर जितके व्हेंडर, तितके सगळे फक्त चुकवायला शिकून आलेले. सिद्धेशने आपल्या साहेबांचा चेंडू सुरूच्या बनात घातला. दोघं शोधायला गेले ते जेवणालाच परत आले, आणि जेवले वेगवेगळ्या टेबलांवर. माझ्या प्रत्येक घाणीतून दौलतराव साहेब चेंडू बाहेर काढत होते. घामाघूम झाले होते, पण चेहरा शाळेच्या सहलीला आलेल्या पोरासारखा.

शेवटचा होल. साहेबांनी लांबून पटिंग केलं. चेंडू उतारावरून वळत वळत आला आणि होलच्या अलीकडे वीतभर थांबला. आता पाळी माझी. एवढा ढकलला की कप आमचा. सगळे गोल करून उभे. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, “आता काही करू नका. फक्त ढकला.”

मी ढकलला.

एका इंचावरून गेला. मोजायची गरजच नव्हती, मला कळतं आता. आणि माझा हात आपोआप कपाळावर गेला, तोंडातून “अरेरे” निघालं, अगदी आरशातल्यासारखं.

जपानी साहेब माझ्याकडे बघत राहिले. दौलतराव साहेबांनी वाकून चेंडू उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. कप मोठ्या साहेबांच्या जोडीला गेला. रात्री सुरमई होती. मी घेतली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
परतीचा प्रवास. कारणं: खारा वारा. उतार समुद्राकडे. कोकणातलं गवत वेगळं, चऱ्होलीत मुळात गवतच नाही. ऑर्डर गेली, हे धरून चालतोय. दुसऱ्या शिफ्टच्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं? सिद्धेश म्हणाला, दादा, निदान तुमचं चुकवणं एक नंबर होतं. घाटात त्याला मुद्दाम गाडी थांबवून दिली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑर्डर आली! आपल्यालाच! दुसरी शिफ्ट राहिली. शॉपमध्ये पेढे वाटले, नागसेनला मिठी मारली, तो ऑइलने माखलेला होता तरी.

घरी येऊन दिव्याला म्हटलं, बघ, शेवटी गोल्फच कामाला आलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, सॅम्पल पास झालं त्याच आठवड्यात साहेबांनी ऑर्डर मंजूर केली होती. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करून सांगितलं त्यांनी. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसतात, आणि शनिवार-रविवार घरात ते अरेरे चालू राहिलं असतं.

यावर दोन मतं असू शकतात. पण मग तो चेंडू आठवतो. ऑर्डर आधीच आमच्या खिशात असताना साहेब माझ्याकडे काही मागत नव्हते, मी त्यांना काही द्यायचं नव्हतं. त्यांना नुसतं एकदा जिंकायचं होतं. माझ्या वाटणीचा पेढा डब्यात परत ठेवला.

३१ मार्च, सोमवार
साहेब रिटायर झाले. संध्याकाळी त्यांच्या निगडीच्या घरी गेलो. नागसेनकडून स्टेनलेस स्टीलचा कप करून घेतला होता, दोन फुटी, पॉलिश मारून, वर ‘चॅम्पियन’ कोरलेलं. ही कल्पना फक्त मलाच सुचू शकते, असं वाटेत दिव्याला म्हणालो होतो. हॉलमध्ये शिरलो तर सोफ्यावर, टीव्हीवर, चपलांच्या स्टँडवर कपच कप. सगळी भोसरी येऊन गेली होती. सिद्धेशचा तीन फुटी होता. वहिनी म्हणाल्या, ठेवा हो, फ्रिजवर जागा आहे.

साहेबांनी चहा मागवला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग वहिनी आणि दिव्या आत गेल्यावर पुढे सरकून बसले.

“एकच विचारतो, जयसिंगराव. खरं सांगा. तो शेवटचा मुद्दाम चुकवलात का? नोकरीभर लोक माझ्याशी हरत आले. कोण खरं हरलं आणि कोण मुद्दाम, हे मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं होतं की कोणीतरी माझ्याबरोबर खरं खेळतंय.”

मी हातातली बशी खाली ठेवली. मी म्हणालो, “नाही साहेब, मुद्दाम नाही. मला गोल्फ येतच नाही.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनी धावत बाहेर आल्या. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हासुद्धा हसत होते, आणि कढीचं पातेलं, कढीचं पातेलं म्हणत होते.

घरी येताना दिव्याला सांगितलं, की आज साहेबांच्या समाधानासाठी आयुष्यातलं सर्वात मोठं खोटं बोललो. काय ते विचारलं तिने. मी सांगितलं, मला गोल्फ येत नाही असं म्हणालो. डांगे चौकाचा सिग्नल सुटून मागच्यांनी हॉर्न दिले तरी ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, चला, गाडी घ्या पुढे.