पंपांच्या छत्तीस पेट्या

सोम., १२ जाने.
दुबईजवळच्या रास अल खैमात, आमच्या कंपनीच्या गोदामात छत्तीस पेट्या आल्या. कागदावर 'शेतीपंपाचे सुटे भाग'. पाठवणारा तो चिमुकला देश, जिथे माझ्या जन्माआधीपासून एकच साहेब गादीवर. घेणारा देश माझ्या लेकीपेक्षा, श्रेयापेक्षाही वयानं लहान. तिला सांगितलं तर म्हणते, "सो क्यूट. अ बेबी कंट्री."
पॅकिंग लिस्ट, म्हणजे पेट्यांत काय आहे त्याची यादी, करायचं काम माझ्याकडे. जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची, सही ठोकायची. याच मालाच्या तीन लिस्टा अशाच गेल्यात.

मंगळ., १३
फोर्कलिफ्टवाले दिलीपदादा, गुहागरचे. "ताई, सगळ्या पेट्या एकाच वजनाच्या. आणि उन्हात ठेवू नका म्हणालेत. पंपाला कसलं ऊन बाधतंय?"
बाबांचं सांगलीत पंपांचंच दुकान. बेअरिंग आणि इम्पेलर कधी एका वजनाचे पाहिले नाहीत. डोक्यात किडा वळवळतोय.

बुध., १४
जेवणाच्या सुट्टीत शोधत बसले. या दोन देशांनी नुकत्याच एकमेकांकडे वकिलाती उघडल्यात. 'कृषी सहकार्य' करार. फोटोत हस्तांदोलन. शेतीखात्याचं कुणी नाही, दोन्हीकडे लष्करी गणवेश. झेंडा मात्र छान आहे नव्यांचा.

गुरु., १५
मॅनेजर मॅथ्यूसरांना विचारलं, एक पेटी उघडून बघू?
"वैशाली, तुमको क्या करना है? साइन करो, खलास."
म्हटलं, सर, खाली नाव माझं जातं. त्यांनी केबिनचं दार लोटलं. मग हळूच, "वीजा भी कंपनी का है ना."
धमकी नव्हती. तेच घाबरलेले दिसले. श्रेयाची बारावी तोंडावर. आता नोकरी गेली तर...

सोम., १९
पाठवणाऱ्यांच्या वकिलातीतला माणूस आला. फार सभ्य. सरांनी सांगितलं असणार त्याला. चहा संपवून म्हणाला, मॅडमना बघायचंय ना, जरूर बघू दे. उद्या दहाला एक पेटी उघडू. मग मॅडम सही करतील.
सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
न बघता सही केली तर 'मला काय माहीत' म्हणायला जागा आहे. बघितल्यावर ती नाही. हे त्याला पक्कं ठाऊक आहे.
तरी बघायचंय. भीतीहून उत्सुकता जास्त आहे, आणि त्याची लाज वाटते. दहाला गोदामात जायचं, की रजा टाकायची, की न बघताच सही ठोकायची?