कॅसेटच्या खाचेतल्या अक्षता

भवानीनगर,
१९ ऑगस्ट १९९६

चि. बापूस, आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. आमी सगळी बरी हाय, एक माणूस सोडून.

तुझ्या दाजींचा उजवा हात अजून तसाच हाय. चैतात लकव्याचा झटका आला तवापासनं पाय सुधारला, बोलणं तर जरा जास्तच सुधारलं, पण बोटं काय ऐकत न्हाईत. इंदापूरच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी शेजारच्या झुंबरबाईंच्या कुत्र्याला टाकला. म्हणाले, बावीस वर्सं कारखान्यात फिटर म्हणून काढली, आता चेंडू खेळत बसू व्हय?

मोठ्या साहेबांनी सांगितलंय, दिवाळीपर्यंत हात चालला तर वर्कशॉप, न्हायतर गेटवर वॉचमन. साहेब वाईट न्हाय, नोकरी ठेवतोय की. पण हे म्हणतात, काठी घेऊन बसण्यापरीस राजीनामा देतो. आणि देतील, तुला स्वभाव ठावं हाय. दिवसभर भिताडाकडं बघत बसतात. मला ह्यांची भीती वाटाय लागलीय, बापू. तू टीव्ही दुरुस्तीवाला, चार डोकी भेटतात तुला. काय सुचलं तर कळव. पोरीची, राजनंदिनीची, शाळा बरी चाललीय.

तुझी आक्का, सारजा


बारामती,
२६ ऑगस्ट १९९६

सौ. आक्कास, बापूचा शि. सा. नमस्कार. पत्र पावलं.

सांगवीच्या गेणबाबरोबर एक खोकं पाठवतोय. टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आहे. वायर कशी लावायची ते गेणबाला दाखवलंय, तो उलटी लावेल, तू सुलटी लाव. रिमोटची गोळी मारायची बटणं उजव्या अंगठ्याखाली येतात. बाकी मी काही बोलत नाही आणि तूही हाताचा विषय काढू नकोस.

दाजी आधी मेक विचारतील. कुळी कळल्याशिवाय त्यांनी आजवर एका पंपाला पाना लावलेला नाही. म्हणून हे वाचून दाखव. यंत्र मूळचं जपानचं, १९८३ सालचं, अंगानं लाल-पांढरं. पहिल्या मालाची बटणं चौकोनी होती, दाबली की अडकून बसायची. मग गोल केली. आतल्या चिपमध्येही खोट निघाली, तेव्हा माल परत बोलावून बोर्ड बदलले आणि पुन्हा बाजारात उतरले. दोन नंबरच्या रिमोटला चक्क माईक होता, कशाला ते मला विचारू नका. तिकडं अमेरिकेत दुकानदार व्हिडिओ गेमला विटले होते, म्हणून तिथं त्याला करडा रंग देऊन व्हीसीआरचं सोंग दिलं. कॅसेट आत सारायची आणि खाली दाबायची. सोंगच नडलं, आतल्या पिना ढिल्या पडायला लागल्या. पुढं तैवानकडच्यांनी नक्कल काढली. अख्ख्या बोर्डाचं काम एका चिपमध्ये कोंबलं आणि वर डांबरासारखा काळा ठिपका दिला. आपलं खोकं त्या नात्यातलं. जपानी माणूस त्याला सोयरा म्हणणार नाही, पण जपानी कॅसेट त्यात बसते.

दाजींना नमस्कार, राजनंदिनीला पापा. माया आहेच, ती लिहीत बसत नाही.

तुझा, बापू


भवानीनगर,
२३ ऑक्टोबर १९९६

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. चौकोनी बटणांपाशी मला थांबवलं, दोनदा वाचाय लावलं. म्हणाले, बटण अडकतंय म्हणजे कोपरा घासतोय, हे आधीच सुचाय पायजे व्हतं. अन् रिमोट मागितला! रणगाड्यांचा खेळ लावला. आधी अंगठा नुसता बटणावर पडून राहायचा. गणपती उठेस्तोवर एक बटण दाबाय लागले, घटस्थापनेला दोन्ही. आधी राजनंदिनी हरवायची, आता तीच रडती.

आणि मग मी माती खाल्ली. खंडेनवमीला हत्यारं पूजली. पाने, कानस, हातोडी. त्या ओळीत ह्यांनी आपल्या हातानं गेमचा डबा मांडला. मला एवढा आनंद झाला की भान राहिलं न्हाय. ओलं हळद-कुंकू सढळ लावलं. कॅसेट बसती ते त्याचं तोंड, म्हणून तोंडात अक्षता घातल्या, वरनं फुलानं पाणी शिंपडलं. दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर लावला, तर पडदा नुसता करडा.

ह्यांनी रिमोटला वायर गुंडाळून ठेवली अन् परत भिताडाकडं तोंड केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चालाय लागलेला हात मीच बांधला रं. दिवाळीला अठरा दिवस राहिलेत. पत्र मिळताच हत्याराची पेटी घेऊन ये.

तुझी, सारजा


बारामती,
२६ ऑक्टोबर १९९६

सौ. आक्कास शि. सा. न.

मी येत नाही. दाजींना सांग, दिवाळीच्या तोंडावर दुकानात कामाचा ढीग पडलाय, बापूला जमत नाही. ढीग खरा आहे. तो बाजूला सारता आला असता हे तू ओळखशील. रागवायचं असेल तर खुशाल रागव.

या खाचेतून मी आजवर मुंग्या, चिंचोके आणि अर्धा पेढा काढलाय. कुंकू पहिल्यांदाच. घाबरू नकोस, देवाधर्मानं यंत्र मरत नाही. सोबतचा कागद दाजींपुढं ठेव. डबा पालथा करून पाच स्क्रू काढायचे, पिना खोडरबरानं घासायच्या, कोरड्या फडक्यानं पुसायच्या. स्क्रू बारीक आहेत, दाजी चिडतील. चिडू दे. तू लांब बस आणि कृपा करून मदत करू नकोस.

तुझा हट्टी भाऊ, बापू


भवानीनगर,
३१ ऑक्टोबर १९९६

चि. बापूस आशीर्वाद.

आधी तुझा उद्धार झाला. मेव्हणा असावा तर असा, म्हणाले. दोन दिवस कागदाकडं बघितलं न्हाय. काल दुपारी मी अंगणात ज्वारी निवडत व्हते, दारातनं दिसत व्हतं. डाव्या हातानं स्क्रू ड्रायव्हर धरला, तो घसरला. शिवी हासडली, मला का जपानला ते ठावं न्हाय. अन् हात बदलला. उजव्यात घेतला, बापू! त्यांचं त्यांना कळलं बी न्हाय.

पाचवा स्क्रू निघेस्तोवर ऊन उतरलं. मग चिमट्यानं एकेक तांदूळ काढून ताटलीत ठेवला. अकरा निघाले. ताटली मला दावून म्हणाले, लग्नात बी एवढ्या अंगावर पडल्या न्हवत्या. मी मान वर केली न्हाय. रडू आलं व्हतं, ज्वारीतच तोंड घालून बसले.

डबा चालू झालाय. चित्र जरा तांबूस दिसतं. हे म्हणतात, तुझं कुंकू. आठ तारखेला साहेबांपुढं जायचं हाय. देवाला हात जोड.

तुझी, आक्का


भवानीनगर,
१४ नोव्हेंबर १९९६

रा. रा. बापूराव यांसी, दादासाहेबाचा रामराम.

अक्षर माझं हाय. लागंल तेवढं वाचा.

निकाल तुमच्या बहिणीनं भाऊबीजेला सांगितलाच असंल, तरी मी सांगतो. साहेबांपुढं मोठा पाना घेतला. नट हलला न्हाय. खोटं कशाला बोलू. साहेब गेटचं काढणार, तेवढ्यात मीच म्हणालो, जड काम ह्या हातानं व्हणार न्हाय, वाफेचा दाब दावणारी प्रेशर गेज दुरुस्त करायचं, बारीक कामाचं टेबल रिकामं हाय, ते द्या. बावीस वर्सांत मी कुणाकडं काय मागितलं न्हवतं. साहेबांनी एक गेज पुढं ठेवलं, ते खोलून दावलं. सोमवारपासनं टेबलावर बसतो.

तुमी का आला न्हाईत ते मला उमगलंय. हात बधिर व्हता, डोकं न्हाय. खोकं परत मिळणार न्हाय.

एक गोष्ट तिनं तुमाला कळवली नसंल. डाव्या हातानं जेवायला मी तयार न्हवतो. म्हणून चैतापासनं ती दार लोटून मला घास भरवायची. पोरीला बी कळू दिलं न्हाय. माझं झालं की मग स्वतः जेवायची, गार झालेलं. भाऊबीजेला ती तुमच्याकडं गेली, त्या दोन दिवसांत मी माझ्या हातानं जेवलो. निम्मा भात सांडला. काल ती परत आली तवा मी दार सताड उघडं टाकून जेवत बसलो व्हतो. ती पिशवी हातात धरून उंबऱ्यावरच थांबली. मी म्हटलं, सारजे, हात धू अन् ताट घे, गरम हाय तोवर.

चूकभूल पोटात घाला, येणं-जाणं ठेवा.

आपला,
दादासाहेब