कांदेबागेचा आकडा

सोनगीर,
जून १९८९

तीर्थस्वरूप सौ. अक्का हीस,

धाकट्या पितांबरचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत उसण भरली, त्यामुळे तो अर्धाच पोचेल, तेवढा चालवून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्यांना माझं नाव सांगून सांग की बिडी हे खोकल्याचं औषध नाही. इकडे सर्व ठीक. म्हणजे तुझी भावजय द्रौपदा ठीक, गाय ठीक, मी ठीक नाही.

गावच्या वाचनालयाच्या चाव्या किती वर्षं माझ्या करगोट्याला आहेत ते तुला ठाऊक आहे. तू ग्रंथपाल कसा झालास असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. (झालो असा, की उद्घाटनाच्या दिवशी कुलूप उघडेना आणि ते मला उघडता आलं.) पण यंदा जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले, दोनदा चहा प्यायले आणि जाताना शेरा मारून गेले की ग्रंथपाल अप्रशिक्षित आहे. आमचे अध्यक्ष यादव आबा, ज्यांनी वाचनालयातल्या कागदाचा उपयोग आजवर फक्त वारा घ्यायला केला, त्यांना एकाएकी वाचनालयाची काळजी लागली. कारण त्यांचा पुतण्या वना कुठूनसा ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र घेऊन आलाय आणि पारावर बसून असतो. आबा मला गोड आवाजात म्हणाले की जळगावचा उन्हाळी वर्ग करून ये, पास झालास तर चाव्या तुझ्याच, नाहीतर दिवाळीपासून वनाला बसवू. गोड आवाजात बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

तर मे महिन्यात मी जळगावला जाऊन विद्यार्थी झालो. पत्र्याचं सभागृह, पंखा एक, आणि तोही मॅडमच्या डोक्यावर. तिथे वर्गात वर्गीकरण शिकवतात आणि त्यावर म्हणे वाचनालयाचा अ, ब, क वर्ग ठरतो. मला पहिल्या दिवशी वाटलं वर्गणीबद्दल काही असेल, कारण ‘वर्ग’नं सुरू होणारा तेवढा एकच शब्द माझ्या ओळखीचा होता. मॅडम आपल्या पुष्पाच्या वयाच्या. (अक्का, तुझी ही सून कॉलेजच्या ग्रंथालयात आहे म्हणून राग मानू नको, पण ही शिकलेली ग्रंथपाल मंडळी सगळी एका साच्यातली. पुस्तक दिसलं की आधी त्याला आकडा चिकटवायचा, मग त्याच्याशी बोलायचं. कैद्यालासुद्धा आधी नाव विचारतात.) त्यांनी मला विचारलं की आजवर तुम्ही पुस्तकं कशी लावत होतात? मी खरं ते सांगितलं: रडवी, मारामारीची, देवाधर्माची, आणि गेली ती परत आलीच नाहीत अशी. चौथ्या प्रकाराला शास्त्रात जागा नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कपाटातही नाही.

आता मुख्य दुःखाकडे येतो. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला एकेक पुस्तक देऊन सगळ्यांसमोर त्याचा आकडा सांगायला लावला. माझ्या वाट्याला आलं ‘कांदेबाग: लागवड आणि निगा’. मला वाटलं देव पावला. फळबागेला सहाशे चौतीस, भाजीपाल्याला सहाशे पस्तीस, एवढं मी रात्रंदिवस घोकलं होतं. शिवाय कांदा. ज्याच्या शेतात कांदा, ताटात कांदा आणि उन्हात निघताना खिशातही कांदा, त्याला कांदा काय शिकवायचा? मी ठणकावून सांगितलं, सहाशे पस्तीस. तर मागच्या बाकावरून फैजपूरच्या केसरबाई (त्या तिथलं महिला वाचनालय सांभाळतात, डबा मात्र रोज सगळ्यांना वाढायच्या) हळूच म्हणाल्या, “ओ भाऊ, ते कांद्याचं नही, केयीचं पुस्तक आहे.” यावल-रावेरकडची बठ्ठी मंडळी पोट धरून हसायला लागली. तिकडे म्हणे दसरा-दिवाळीच्या सुमाराला लावलेल्या केळीला कांदेबाग म्हणतात. का म्हणतात? तर म्हणतात. मला अशी काही तिडीक गेली की मी परीक्षेत आहे हेच विसरलो आणि घरच्या बोलीत ओरडलो, “कांदाले कांदा नही म्हनानं ते काय म्हनानं?” मॅडमनी शांतपणे विचारलं की पुस्तक उघडून पाहिलंत का? उघडून! अक्का, मी पुस्तकं उघडून बघत बसलो असतो तर इतकी वर्षं लोकांना दिली कधी असती?

बरं, परत आल्यावर शिकलेलं वापरून बघावं म्हणून मी द्रौपदाला मदतीला घेऊन सगळी कपाटं विषयवार लावली. त्याची फळं भोगतोय. चिंधा तात्या रोज न बघता हात घालून त्याच फळीवरून रहस्यकथा नेतात. त्यांनी परवा ‘बाळंतिणीची निगा’ नेलं, पूर्ण वाचलं आणि परत करताना म्हणाले की सुरुवात चांगली आहे, पण शेवटी खुनी कोण ते सांगितलंच नाही. आबांनी तर त्यांची नेहमीची खुर्ची सापडत नाही अशी तक्रार केली. खुर्चीला मी हातही लावलेला नाही.

म्हणून म्हणतो, नेऊ दे वनाला चाव्या. मला शेत आहे, गाय आहे, मला काय कमी आहे? लोकांची पुस्तकं सांभाळून कोणाचं भलं झालंय? फक्त एवढंच, की सकाळी कुलूप काढलं की आतून जो जुन्या कागदाचा वास येतो, तो घेतल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही मी जाऊन येतो. हे द्रौपदाला माहीत नाही. असो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
पितांबर

ता.क. निकाल लागला. सविस्तर भेटीत.

ता.क. येत्या सोमवारपासून थोडे दिवस तुझ्याकडे धुळ्याला राहायला येतो. कंबर दाखवायची आहे. डॉक्टर म्हणतात बरेच दिवस यावं लागेल.

ता.क. पुष्पा, हे पत्र नेहमीप्रमाणे तूच अक्काला मोठ्यानं वाचून दाखवत असशील. इथून पुढचं मनात वाच. वर शिकलेल्या ग्रंथपालांबद्दल लिहिताना माझा तोल गेला. खोडणार होतो, पण खोडलेलं दिसलं की अक्का त्याच्याखाली काय होतं ते विचारते. मी नापास झालो, बेटा. फेरपरीक्षा पोळ्यानंतर धुळ्यालाच आहे आणि चाव्या मला हव्या आहेत. कंबरेला काही झालेलं नाही. तुझं कॉलेज सुटलं की मी तुझ्या ग्रंथालयात येऊन बसेन, मला पहिल्यापासून शिकव, आणि चुकलो तर मामा म्हणून सोडू नकोस. अक्कानं विचारलं की मधेच गप्प का झालीस, तर सांग, मामांचं अक्षर लागत नाही.