सुमनची दहा मिनिटं

५ जानेवारी, सोमवार

लोहाऱ्याच्या स्टँडजवळ जीप भरायची वाट बघत आम्ही दोघी बसलेलो. सुमनच्या मांडीवर कॅमेरा, त्यावर पदर. ती हरभऱ्याचे डहाळे सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होती, कारण डहाळ्यावरच्या आंबट आंबेनं माझी बोटं चुरचुरतात. सतरा वर्षं झाली असतील. आज सकाळी उगाच आठवलं.

तिला जाऊन सव्वीस दिवस.

दहाला आमच्या व्हिडिओ केंद्रात गेले. केबलवर संध्याकाळी आपला अर्धा तास असतो, त्याचं निवेदन वाचलं. बाजारभाव, लसीकरणाचा वार. आवाज नीट लागला. कॅमेऱ्यामागे आता रुबीना असते, सहा महिन्यांपूर्वी शिकायला आलेली. सवयीनं म्हणाले, "सुमन, रेडी?" ती म्हणाली, "रेडी, मॅडम."

पुढे वाचत गेले.

७ जानेवारी, बुधवार

पल्लवी आली. सु.ची तिसरी मुलगी, धाकटी. लातूरला लॅबमध्ये असते. अठराला पुण्यानुमोदन ठेवलंय. बॅनरला फोटो नाही. आधारकार्डावरचा आहे, पण "त्यात माय चोरी करताना सापडल्यासारखी दिसती."

"मावशी, सतरा वरसं टीव्हीत काम केलं तिनं. एखादी तरी क्लिप असंल की. बोलताना."

शोधते म्हणाले. चहा केला. साखर घातली की नाही आठवेना, दोघींनी तसाच प्यायला.

९ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस रुबीना आणि मी जुनं सगळं काढून बघतोय. बचत गट, ग्रामसभा, तुळजापूरच्या लॉजवर भांडी घासणाऱ्या बायका. सु. कुठेही नाही. कशी असेल, कॅमेरा तिच्याच हातात. एका ठिकाणी मातीवर सावली. एकदा खोकला. एकदा लेन्स पुसणारं पदराचं टोक.

रुबीना म्हणाली, "इत्ते सालां में किसीनेच आंटीकू नै पकडे?"

मी म्हटलं, नाही.

कुठे आहे ते मला माहीत आहे.

१० जानेवारी, शनिवार

लिहून टाकते.

नव्या बाईचा पहिला धडा: खोलीत एकटी, कॅमेरा चालू, दार बंद. दहा मिनिटं मनाला येईल ते बोलायचं. मग तिनं स्वतःच बघायचं आणि मी तिच्यासमोर ते पुसायचं. कॅमेऱ्याची भीती जाते. नियम माझाच.

सु. बघत असताना लाईट गेली. म्हटलं, उद्या पुसू. लाईट आल्यावर मी एकटीनं पूर्ण बघितलं. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच ती दारात उभी. "बाई, पुसली न्हवं?"

"हो."

नव्हती पुसली. चेहरा फार चांगला आला होता, एवढंच कारण. कॅसेट लोखंडी कपाटात, खालच्या खणात, इतकी वर्षं.

सोलापूरला कॉन्व्हेंटमध्ये ख्रिश्चन मुली शुक्रवारी कन्फेशनला जायच्या आणि हलक्या होऊन खिदळत परत यायच्या. आम्ही बाकीच्या वर्गात बसून असायचो. हेवा वाटायचा.

१२ जानेवारी, सोमवार

जुना कॅमेरा लावून कॅसेट बघितली. चालते.

सु. तिशीतली. आधी हसते, पदर सारखा करते. "काय बोलू? म्या सुमन." मग शेत, सासू, नवऱ्याचं पिणं. मग: "तिसरी बी पोरगीच झाली. दोन दिस अंगाला लावली न्हाय. आईला म्हनलं, घिऊन जा, कुटं बी ठिव. रडली की कानात बोटं घालीत व्हते." थांबते. "तिचं नाव म्या न्हाय ठिवलं. दवाखान्यातल्या नर्सनं ठिवलं."

नंतर शेवटपर्यंत चार मिनिटं काही नाही. सरळ लेन्सकडे बघत बसली आहे. शेवटी: "बाई, झाले का धा मिनिटं?"

मला काही वाटलं नाही. घरी येऊन भात लावला.

१३ जानेवारी, मंगळवार

रुबीनाकडून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून फक्त गप्प बसलेला भाग कापून घेतला. तिनं सगळं ऐकलं. क्लिप प.ला पाठवली.

रात्री फोन. "मावशी, किती तरणी दिसती!" खूप वेळ रडली. मग म्हणाली, "पण अशी काय बघती ही? आधी काय तरी बोलली असंल की. मागचं कुठंय?"

"तेवढंच आहे गं."

आधी सु.ला, आता प.ला. हे दुसरं खोटं.

१८ जानेवारी, रविवार

पुण्यानुमोदन. त्या क्लिपमधलाच फोटो मोठा केलेला. सगळे "लई झ्याक आलाय" म्हणत होते. सु.ची बहीण म्हणाली, "अशी गप बसलेली कवा बघितलीच न्हाय हिला."

जेवणाच्या वेळी प.नं मला मागच्या अंगणात गाठलं. हातात वरणाची बादली.

"आवाज कापलाय तुमी. रुबीना काय बोलली न्हाय, पन नजर चोरती."

"पुसून टाकते असं तुझ्या आईला म्हणाले होते, पल्लवी."

"मंग पुसलं का न्हाय?"

तिनं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्याबद्दल हाय का?"

"हो."

पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "वरण कुठं अडकलं रं?" ती म्हणाली, "आजीनं अर्धं सांगितलंय मला. चिडली की सांगायची." आणि वाढायला गेली. मी तिथंच उभी. नंतर मला आग्रहानं भात वाढला तिनं, दोनदा. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सु.ला दिलेला शब्द पाळायचा तर आजही पुसता येईल. कॅसेट कॅमेऱ्यात घातली. तासभर बसले. परत काढली. प.ला तिची माय बोलताना हवी आहे, आणि माय बोलते ती एवढंच. ऐकवलं तर सु.शी...

रुबीना आली. उद्याची बातमी वाचून बघितली.

२५ जानेवारी, रविवार

मंगळवारी सोलापूरला गुडघ्याचं ऑपरेशन. साधंच आहे. तरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला लिहून ठेवते.

किल्ली रुबीनाकडे. निवेदन तिनंच वाचावं, घाई करू नये. माझा चष्मा टेबलावर राहिला तर माझ्या मुलाला द्यावा, त्याची इथल्या कोणाशी ओळख नाही, पत्ता वहीत आहे.

नवीन बाई आली तर धडा तोच. पण पुसायचं बटण तिच्या हाती द्यावं, त्याच दिवशी. लाईट गेली तर येईपर्यंत थांबावं.

खालच्या खणातली कॅसेट पल्लवीला. पूर्ण. जुना कॅमेराही तिलाच, त्याशिवाय ती लागणार नाही. कॉम्प्युटरवर उतरवलेलं रुबीनानं काढून टाकावं. आवाज कुठून सुरू होतो ते प.ला सांगावं. कॅसेट सुरुवातीला नेऊन, लेन्सला झाकण लावून लाल बटण दाबलं की आधीचं पुसलं जातं, तेही दाखवावं. दोन्ही दाखवून रुबीनानं आपल्या कामाला लागावं. प.नं काय केलं ते मला सांगू नये.