गजभियेंचं घर, साहूंचा आंबा आणि पाण्याची सोय

मी, कलावती हरिदास गजभिये, वय ७४, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी केलेलं नाही. वकिलाच्या घरात कोणाला फुरसत होती?

माझे पती कालकथित अ‍ॅड. हरिदास म्हणत, आधी कायदा, मग बाजार. दाखला दामदुपटीचा: व्याज मुदलापुढे जाऊ नये हा नियम झाला तेव्हा अर्थशास्त्राचे प्राध्यापक जन्मायचे होते. मी म्हणे, सावकार माजले नसते तर नियम कशाला लागला असता? भिंतीवरचे बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञही होते आणि बॅरिस्टरही. आमच्याकडे त्या कामाला दोन माणसं लागली, तीही भांडत.

कलम १. शेजारी साहूंच्या आंब्याची फांदी आमच्या गच्चीवर येते. ती कापावी म्हणून यांनी दावा लावला आणि काही वर्षांनी जिंकलाही. तोवर मी भिंतीवरून तह करून टाकला होता: सावली आमची, कैऱ्या निम्म्या-निम्म्या. निकाल दोन्ही घरांनी एकत्र जेवताना वाचला. फांदी तशीच ठेवावी.

कलम २. यांची कायद्याची पुस्तकं त्यांची ज्युनिअर अपर्णा हिला द्यावीत. समासात पेन्सिलने लिहिलेले माझे आक्षेप तिने खोडू नयेत.

कलम ३. यांना शेवटच्या आजारात कोणत्या दवाखान्यात न्यावं यावरून मुलगा इंद्रजीत आणि धाकटी मुलगी भावना भांडले. तेव्हापासून एकाच घरात वर-खाली राहून दोघं बोलत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. कायदा सारखा वाटा सांगतो, तो मान्य. खालचा मजला, बोअर आणि मोटर इंद्रजीतची. वरचा मजला, गच्ची आणि दोन्ही मजल्यांना पाणी देणारी टाकी भावनाची.

मसुदा वाचून अपर्णा म्हणाली, "काकू, पाण्याच्या हक्काचं लिहा ना. नहीं तो ये दोनों फिर लड़ेंगे."

"हव. पण लिहिलं तर तुह्यामार्फतच बोलतील. मले ते नको."

म्हणून लिहिलेलं नाही. पाणी हवं तर मोटर खालून लावावी लागेल, आणि टाकी वाहू लागली की भावनाला जिन्यातून हाक मारावीच लागेल: "दादा, भरली. बंद कर."

सही: कलावती ह. गजभिये
रायपूर, १२ फेब्रुवारी २०२५

आमच्यादेखत सही झाली:
१. भार्गव साहू, आंब्याचे मालक
२. प्रा. शांता मेश्राम, जुन्या सहकारी