आरपारचा दगड

हिंगोली,
बुधवार, २२ जानेवारी २०२५

प्रिय साधना,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा बरा असेल. माझी साखर ताब्यात आहे. जीभ नाही, हे तू जाणतेस.

रविवार, १९ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुमच्या ओट्यावर, पुस्तक प्रकाशनाच्या मांडवाखाली, माईक हातात धरून तू माझ्या वडिलांना पुसून टाकलंस. वेळ मी तिथंच घड्याळात पाहून लिहून ठेवली.

तुझ्या भाचीनं, ऐश्वर्यानं, आपल्या गावच्या दगडी घरांवर पुस्तक काढलं, चांगलं केलं. पोरगी आर्किटेक्ट झाली, टेप घेऊन घर न घर मोजलं. पण पान चौदावर तुमच्या स्वैपाकघरात भिंतीतून वीतभर पुढं आलेल्या दगडाचा फोटो आहे आणि खाली छापलंय, 'शोभेचा दगड'.

शोभेचा! बाहेरून दगडांचा एक पदर, आतून एक पदर, मधे बारीक चिपा आणि माती, अशी ती दोन हात रुंद भिंत. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड जागोजागी आरपार घातला नाही, तर चार पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं. बाकीचे गवंडी तो भिंतीच्या मापात तोडत. बाबा आतल्या बाजूला वीतभर जास्त ठेवत, घरातल्या बाईला काही अडकवायला होईल म्हणून. गावात असा दगड असलेली सात घरं आहेत आणि सातही सोनाजी गवंड्यानं बांधलेली.

तू त्यावर दप्तर अडकवायचीस, असं मला सांगायचीस. ते आतलं टोक मी पहिल्यांदा पाहिलं ते फोटोतच. घर पुरं झालं त्या दिवसापासून बाबांनाही ओसरीच्या पुढं येता आलं नाही. दगडाचं आतलं टोक तुमचं, गल्लीतलं त्यांचं. जाता-येता त्यावर थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

तर ऐश्वर्यानं विचारलं, "आत्या, हे घर बांधलं कुणी?"

तू म्हणालीस, "काय ठाऊक बाई. जुनी माणसं गेली सारी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून निघाले. पंगतीत वाढायला आलेली मालनबाई मागून ओरडली, "अवं कमलबाई, जेवायचं तर ऱ्हायलं की! काहून चालल्या?" मी म्हटलं, पोट भरलं.

इथपर्यंतचं पत्र मी दोनदा लिहून फाडलं. या खेपेला पुढचंही लिहिते.

उत्तर देण्याआधी तू माझ्याकडे पाहिलंस. तुझी नजर शेवटच्या रांगेपर्यंत आली आणि थांबली. तू विचारत होतीस. मी चष्म्याची डबी उघडून तिच्यात पाहत बसले.

भेटीचा तो रविवार तू विसरली नसशील. आपण सहावीत, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात. फाटकाशी बाबा उभे, नखांत चुना, हातात हुरड्याची पिशवी. सिस्टरनं विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "साधनाच्या घरचा गडी."

तू माझ्याकडे पाहिलंस, अगदी परवासारखंच, आणि म्हणालीस, "हो, सिस्टर."

बाबांनी ऐकलं. पिशवी त्यांनी तुझ्या हातात दिली. म्हणाले, "व्हय, मालकानंच धाडलंय. दोघी मिळून खा, लेकरांनो."

पिशवी तू माझ्या ट्रंकेत ठेवलीस. मी मात्र तुला चॅपलमध्ये नेलं आणि आपल्या दोघींच्याही नसलेल्या देवापुढं शपथ घ्यायला लावली, की माझे वडील गवंडी आहेत हे जन्मात कुणाला सांगायचं नाही.

सत्तावन्न वर्षं पाळलीस. इतकी प्रामाणिक निघशील असं वाटलं नव्हतं; गणितात तर माझंच पाहून लिहायचीस.

बाबा पुन्हा भेटीला आले नाहीत. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, त्यांच्या शेवटच्या आजारात उशाशी बसले, पण त्या रविवारचा एक शब्द काढला नाही. त्यांनीही नाही. भिंत कशी रचतात, हेही मी त्यांना कधी विचारलं नाही. वर ऐटीत लिहिलंय ते सगळं ते दुसऱ्यांना सांगत असताना कानावर पडलेलं.

तेव्हा पहिलं हे, की त्या शपथेतून मी तुला मोकळं करते.

पुस्तक पुन्हा छापायला जातंय आणि तुमच्या भिंतीवर पाटी लागणार आहे. दोन्हीवर त्यांचं नाव हवं. मी एकटीनं सांगितलं तर तो मुलीचा हट्ट ठरेल. दगड ज्या घरात आहे त्या घरानं ते सांगितलं पाहिजे. फाटकाशी काय झालं ते पाटी लागेल त्या दिवशी मी स्वतः माईकवर सांगेन. त्याआधी मला तुमच्या स्वैपाकघरात ने. दगडाच्या आतल्या टोकाला मला हात लावायचाय.

उत्तर लेखी हवं. फोन नको, मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं तर मुळीच नकोत. शनिवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या अक्षरातला कागद माझ्या हातात पडला पाहिजे.

तुझी,
कमल
सोनाजी गवंड्याची मुलगी